१९१८ चा रुपया 'यूएनसी' म्हणून ऑनलाइन विकायला आहे. ग्रेडवर विश्वास ठेवावा का?

तुमचा प्रश्न असा, की पंचम जॉर्जचा १९१८ चा चांदीचा रुपया एका विक्रेत्याने 'यूएनसी' (अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न वापरलेला) म्हणून नेहमीच्या भावाच्या कितीतरी पट किमतीला लावलाय, फोटोत तो लखलखीत दिसतोय, तर घ्यावा का. माझं उत्तर: त्या तीन अक्षरांच्या भरवशावर घेऊ नका. नाणं स्वतः पारखता आलं, तर जरूर घ्या.

आधी १९१८ च्या रुपयाबद्दल. हा दुर्मीळ रुपया नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची इतकी टंचाई झाली होती, की अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा करून आपले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी इथल्या रुपयांसाठी ब्रिटनला विकली. मुंबई आणि कोलकाता या दोन्ही टाकसाळींत त्या काळात रुपये धडाधड पाडले गेले. त्यामुळे या नाण्याला वर्षामुळे किंमत येत नाही, अवस्थेमुळे, म्हणजे ग्रेडमुळे, येते. झिजलेला रुपया चांदीच्या भावाच्या आसपास मिळतो, न वापरलेल्याला खरे संग्राहक चांगले पैसे मोजतात. नाणं सामान्य आणि ग्रेड मोठी, अशाच ठिकाणी ग्रेड फुगवण्याचा मोह विक्रेत्याला सगळ्यात जास्त होतो.

'यूएनसी' हा शब्दही फार ऐसपैस आहे. आज जगभर वापरतात ते ७० गुणांचं माप विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंटसाठी मांडलं होतं. त्यात न वापरलेलं नाणं ६० पासून ७० पर्यंत कुठेही बसतं. एमएस (मिंट स्टेट, म्हणजे टाकसाळीतून निघालं तसं) ६१ आणि एमएस ६५ दोन्ही यूएनसीच, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. विक्रेता नुसतं 'यूएनसी' लिहितो आणि भाव मात्र ६५ चा लावतो. त्याखाली एयू (जवळजवळ न वापरलेलं) ५० ते ५८, एक्सएफ (थोडं झिजलेलं) ४० आणि ४५, व्हीएफ (त्याहून जास्त झिजलेलं) २० ते ३५. माझ्या पाहण्यात ऑनलाइन 'यूएनसी' म्हणून येणारे बरेच रुपये प्रत्यक्षात एयू किंवा एक्सएफ असतात, आणि त्यातले कित्येक धुतलेले.

हे धुणं नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे फसगत इथेच जास्त होते. राणीछाप आणि राजाछाप रुपये घराघरांत देवघरात ठेवलेले असत. दर लक्ष्मीपूजनाला ते चिंचेने, रिठ्याने, रांगोळीने घासून लख्ख केले जात. घरच्या दृष्टीने ते योग्यच होतं. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र त्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा गेला. असा रुपया फोटोत न वापरलेल्यापेक्षाही जास्त चमकतो. खरी चमक, जिला आम्ही लस्टर म्हणतो, ती वेगळी असते. नाणं एका दिव्याखाली हळूहळू कलतं केलं, की प्रकाशाचे पट्टे मधून कडेकडे जात चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. घासलेलं नाणं सगळीकडून सारखंच पांढरंफटक दिसतं, भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात आणि अक्षरांच्या खाचांत काळा मळ तसाच राहिलेला असतो.

म्हणून विक्रेत्याकडे फोटोऐवजी व्हिडिओ मागा: एकच दिवा, नाणं पाकिटाबाहेर, दोन्ही बाजू सावकाश कलत्या केलेल्या, आणि कड पूर्ण फिरवून दाखवलेली. कडेचा आग्रह धराच. कितीतरी रुपये दागिन्यांत ओवलेले होते, त्यांची कडी काढून डाख घासून टाकलेला असतो, आणि ते समोरच्या फोटोत मुळीच कळत नाही.

झीज पाहायची ती उंच भागांवर. या रुपयावर राजाची भुवई, मिशा, कानाची कड, मुकुटावरची मण्यांची ओळ आणि छातीवरच्या साखळीतला हत्ती बघा. (१९११ च्या रुपयावर हाच हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली होती आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारलं गेलं.) हे भाग सपाट, गुळगुळीत झाले असतील, तर ते नाणं हातोहाती फिरलेलं आहे, मग चमक कितीही असो. उलट गालावर दोन-चार ओरखडे असतील पण लस्टर अखंड असेल, तर बिचकू नका. टाकसाळीतून पोत्यांत भरून जाताना नाणी एकमेकांवर आपटत, न वापरलेल्या नाण्यावरही तसे डाग पडतात.

वजनाचा फोटोही मागा. हा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी ९१.७ टक्के. यूएनसी म्हणवणाऱ्या नाण्याचं वजन याच्या अगदी जवळ हवं. साडेअकराच्या खाली काटा दिसला तर एक तर झीज आहे किंवा नाणंच बनावट. लोहचुंबकाला चिकटलं तर प्रश्नच मिटला. १९४७ चा निकेलचा रुपया चिकटतो, चांदीचा नाही.

"मग स्लॅबमधलंच घेतो," असं तुमच्या मनात येईल. एनजीसी आणि पीसीजीएस या अमेरिकी कंपन्या नाणं तपासून प्लास्टिकच्या बंद डबीत देतात आणि त्यांच्या मतांना बाजारात वजन आहे. पण डब्यांच्याही नकला होतात. लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा, आणि तिथे फोटो असेल तर प्रत्येक ओरखडा, प्रत्येक डाग जुळवा, कारण खऱ्या नाण्याचा क्रमांक उचलून खोट्या डबीवर छापणं सोपं आहे. लेबलवर 'डिटेल्स' शब्द असेल तर नाण्यात दोष आहे, बहुधा ते धुतलेलं आहे; काही विक्रेते फोटोत नेमका तेवढाच शब्द कापतात. कुठल्या तरी अपरिचित नावाच्या डबीवर एमएस ६६ छापलेलं असेल, तर ते विक्रेत्याचंच मत समजा. आणि "तुम्ही अमेरिकेला पाठवून ग्रेड करून घ्या" असं कुणी सुचवलं तर थांबा: शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं, ते परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही.

नजर तयार करायची असेल तर पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथे जा. एखाद्या जुन्या व्यापाऱ्याला १९१८ चे एक्सएफ, एयू आणि यूएनसी रुपये शेजारी शेजारी ठेवून दाखवायची विनंती करा. बहुतेक जण आनंदाने दाखवतात. नाणं कडेने धरा, बोट पृष्ठभागाला लावू नका.

तुमच्या या रुपयापुरतं सांगायचं तर आज विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: नाणं धुतलेलं आहे का, ग्रेड कुणी ठरवली, आणि ग्रेड पटली नाही तर किती दिवसांत परत घेणार. व्हिडिओ आणि परतीची हमी मिळाली तर घ्या, पार्सल उघडताना चित्रीकरण करा आणि त्याच दिवशी वजन करून भिंगाखाली बघा. "नो रिटर्न" असेल तर एक्सएफच्या भावापेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका.