भजनी ठेक्यातून आलेली मुलं आणि विलंबित एकताल

प्रश्न : संगीत महाविद्यालयात पहिल्या वर्षाला १४ मुलं आहेत. तिघांकडे मध्यमा पूर्ण या संगीत परीक्षेचं प्रमाणपत्र, पाच-सहा जण खानापूर, चिकोडीकडच्या भजनी मंडळांतले, दोघी थोडं कर्नाटक संगीत शिकलेल्या. यमन राग काढला की निम्मे कंटाळतात, निम्मे मागे पडतात. प्रवेशाची चाचणी कडक करावी का?
– शिक्षिका, बेळगाव

उत्तर : कडक केलीत तर आधी भजनी मंडळातली मुलं गळतील, आणि लय पक्की असते ती त्यांचीच. त्यापेक्षा पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एकेकटं पंधरा मिनिटं ऐका. पेटी बंद, फक्त तंबोरा. सा दहा सेकंद धरायला सांगा, मग पंचम, मग वरचा सा. नंतर चार-पाच स्वरांची जागा तुम्ही गा, ती त्यांनी परत गावी. शेवटी हाताने टाळी आणि खाली (टाळी न देता हात उघडून दाखवायची मात्रा) दाखवत त्रितालाची चार आवर्तनं. तिसऱ्यानंतर तुम्ही मोजणं थांबवा आणि मूल समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतं का पाहा. तिन्हींची नोंद वेगळी ठेवा, बेरीज करू नका. पाठ केलेल्या बंदिशींवर परीक्षा दिलेलं मूल बहुधा दुसऱ्या कसोटीत अडखळतं. भजनी मूल तिसरीत सहज सुटतं.

तरीही तेच मूल विलंबित (अगदी संथ लयीच्या) एकतालात हरवतं. भजनी ठेका आठ मात्रांचा, तीन-चार सेकंदांत सम येते. विलंबितात मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांना ४८ सेकंद लागतात. कान समेची वाट पाहून थकतो आणि गळा पुढे पळतो. अशा मुलाला मात्रा मोजायला लावू नका, ठेका ऐकायला लावा : धिं धिं धागे तिरकिट तू ना, क त्ता धागे तिरकिट धी ना. ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं. पहिल्यानंतरच्या ‘तू ना’ला डग्गा (तबल्याच्या जोडीतला डावा) गप्प असतो, दुसऱ्यानंतरच्या ‘धी’ला तो घुमतो. तो घुमला की ‘ना’ आणि लगेच सम. आधी मात्रेला एक सेकंद ठेवा आणि दर आठवड्याला लय थोडी उतरवा. एकदम उतरवली तर मूल मनातल्या मनात भजनी ठेकाच भरत राहतं.

स्वरलेखनाचा गोंधळ वेगळाच. पलुस्कर पद्धतीत स्वरावरचं टिंब मंद्र (खालच्या) सप्तकाचं आणि उभी रेघ तार (वरच्या) सप्तकाची. भातखंडे पद्धतीत वरचं टिंब तार सप्तकाचं, मंद्राचं टिंब खाली आणि उभी रेघ फक्त तीव्र मध्यमावर. पलुस्करांची खाली ‘+’, तर भातखंड्यांची सम ‘×’. घाईत लिहिलेल्या वहीत दोन्ही सारखीच दिसतात. हुशार मूल खालीच्या मात्रेलाच सम धरतं ते यामुळे. वर्गात एकच पद्धत ठरवा आणि पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून दाखवा.

कर्नाटकवाल्या दोघींना यमनाचे स्वर ‘कल्याणी’ म्हणताच सापडतील. मात्र गांधार हलवायचा नाही, स्थिर ठेवायचा, हे वारंवार सांगावं लागेल. भूप म्हणजे त्यांचा मोहनम्. हिंदोळम् म्हणजे मात्र आपला मालकंस. हिंदोल राग निराळा. इथे दोघीही हमखास फसतील.

वर्गाचे गट पाडायचेच असतील तर पट्टीवर, म्हणजे कोण कुठल्या सुराला सा धरतं त्यावर, पाडा. मुलग्यांची पट्टी साधारण पेटीवरची काळी १-२, मुलींची काळी ४-५. सगळ्यांना एकाच पट्टीत गायला लावलं की कुणाचा तरी गळा ताणतोच, आणि ते मूल उगाच कच्चं ठरतं.

प्रश्न : मी भजनात पेटीवर गाते. नुसत्या तंबोऱ्यावर सूर सापडत नाही. कॉलेजात सगळ्यांत मागे पडेन का?
– विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : मागे नाही, सवय निराळी आहे. बेळगाव हे पं. रामभाऊ विजापुरे यांच्या पेटीचं गाव, तेव्हा पेटी सोडू नका. तिचं काम बदला. पेटीचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो, म्हणून पेटीवर बसलेला कान तंबोऱ्यासमोर गोंधळतो. रोज सकाळी वीस मिनिटं नुसत्या तंबोऱ्यावर खर्ज (खालच्या सप्तकातले स्वर) भरा. मग सा-ग-प सावकाश, गांधारावर एक पूर्ण श्वास थांबून. पेटीला हात लावायचा तो गाऊन झाल्यावर, आणि तोही फक्त सा आणि प ताडून पाहायला.