फुलपाखरं खरंच कमी होताहेत का? आणि माझ्यासारख्या नवशिक्याने ती मोजून काय उपयोग?

होताहेत. निदान जिथे वर्षानुवर्षं मोजणी चालू आहे, तिथे तरी नक्की. २०२५ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत अमेरिकेची आकडेवारी आली: ७६ हजारांहून जास्त सर्वेक्षणं, त्यांत मोजलेली १ कोटी २६ लाख फुलपाखरं आणि २००० ते २०२० या काळात एकूण संख्येत २२ टक्के घट. अधिवास गेले, कीटकनाशकं वाढली, हवामान बदललं. एवढी मोजदाद मूठभर पगारी शास्त्रज्ञांना झेपणारी नाही. यातल्या कितीतरी नोंदी तुमच्या-माझ्यासारख्या हौशी लोकांच्या आहेत.

मीही मोजते. एक ठरलेली वाट, दर आठवड्याला, संथ चालीने. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर, एवढ्या मनातल्या चौकटीत येईल तेच फुलपाखरू धरायचं. बाहेरून कितीही देखणं गेलं तरी सोडून द्यायचं (सुरुवातीला फार जिवावर येतं हे). फुलपाखरांचे अभ्यासक अर्नी पोलार्ड यांनी इंग्लंडमध्ये बसवलेली ही पद्धत. ब्रिटनमध्ये १९७६ पासून तिच्यावर मोजणी चालू आहे. ऊन हवं, वारा बेताचा हवा. गार, ढगाळ दिवशी फुलपाखरं पंख मिटून बसून राहतात आणि नसलेली घट कागदावर दिसते.

माझी घोडचूक सांगते. पहिल्या वर्षी लागोपाठ तीन फेऱ्यांत एकही फुलपाखरू दिसलं नाही. काय पाठवायचं, म्हणून मी मोजणीच्या संयोजकांना नोंदींचे तक्ते पाठवलेच नाहीत. त्यांनी विचारलं, “फेरी झाली नाही, की फुलपाखरं नव्हती?” मी हसले, पण मुद्दा बिनतोड होता. फेरी चुकली असेल तर त्या आठवड्याचा आकडा आजूबाजूच्या नोंदींवरून अंदाजाने भरतात. म्हणजे माझ्या वाटेवर नव्हतीच ती फुलपाखरं हिशेबात जमा झाली असती! तेव्हापासून मी शून्य ठसठशीत लिहिते.

ओळखण्याची धास्ती घेऊ नका. छोट्या निळ्यांची जात ठरवायला पंखांची खालची बाजू बघावी लागते, आणि ती नेमकी तेव्हाच उडतात. ठोकून नाव देण्यापेक्षा ‘लहान निळं, जात कळली नाही’ असं लिहिलेलं चालतं. दर आठवड्याला जमणार नसेल तर एका जागी बसून पंधरा मिनिटं मोजायचे उपक्रमही असतात, त्यापासून सुरुवात करा. माझ्या तक्त्यात आजही ‘लहान निळं’च सगळ्यात जास्त.