जीन टेस्ट आणि बाबांची रक्त पातळ करायची गोळी

प्रश्न: डॉक्टर, माझे बाबा ६८ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी अटॅक आला, स्टेंट टाकलाय. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे, शिवाय अ‍ॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल, ते बाबा स्वतःच मेडिकलमधून आणतात. आता माझे दीर म्हणतात की भारतीयांना क्लोपिडोग्रेल लागूच पडत नाही, थुंकीची जीन टेस्ट करा, पॅकेज घेतलं तर डाएट, टक्कल, स्वभाव सगळंच कळतं. हॉस्पिटलमध्ये विचारलं तर गरज नाही म्हणाले आणि विषय संपला. कुणाचं ऐकू? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, जीन टेस्टचं नंतर बघू, आधी त्या ओमेप्राझोलचं बघा. आजच डॉक्टरांना फोन करून विचारा की त्याऐवजी पॅन्टोप्राझोल चालेल का. नुसती बंद करू नका हं, दोन-दोन रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना पोटाला संरक्षण लागतंच.

कारण असं आहे की क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा ती औषध नसतेच, कच्चा माल असतो. लिव्हरमधलं एक एन्झाइम, सीवायपी२सी१९ असं त्याचं अवघड नाव, ते तिला कामाचं रूप देतं, आणि त्यातही गोळीचा थोडाच भाग कामी येतो, बाकीचा वाया जातो. ओमेप्राझोल नेमकं ह्याच एन्झाइमला अडवतं. म्हणजे हे एन्झाइम बनवणारा जीन चांगला असला तरी आपणच हाताने खोडा घालायचा, असं होतं बऱ्याच घरांत, आणि टेस्टचे हजारो रुपये भरणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आता दिरांचं. ते अर्धे बरोबर आहेत. ह्या एन्झाइमच्या जीनच्या दोन कॉपी असतात, एक आईकडून एक वडिलांकडून. आपल्याकडे तिघांत निदान एकाची तरी एक कॉपी काम न करणारी असते, दोन्ही खराब असलेलेही युरोपियन लोकांपेक्षा जास्त सापडतात. अशांना गोळीचा परिणाम कमी होतो, दोन्ही कॉपी खराब असणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१० मध्येच तसा ठळक इशारा छापायला लावला. पण 'लागूच पडत नाही' हे खोटं, बहुतेकांना पडते.

मग हॉस्पिटलवाले नाही का म्हणाले? सरसकट सगळ्यांची टेस्ट करून खात्रीने फायदा होतो हे सिद्ध झालेलं नाही. २०२० मध्ये ५ हजारांवर पेशंट्सची एक मोठी ट्रायल आली, तिच्यात टेस्ट करून गोळी निवडण्याचा फायदा सिद्ध होता होता जेमतेम राहिला. उलट ब्रिटनमध्ये २०२४ पासून पॅरालिसिसच्या झटक्यानंतर क्लोपिडोग्रेल द्यायची असेल तर आधी ही टेस्ट करा असा सल्ला आहे. तेव्हा विषय संपवायला नको होता, दोन मिनिटं समजावायला हवं होतं.

मी एवढंच बघतो की रिपोर्ट आल्यावर काही बदलणार आहे का? इथे बदलू शकतं. क्लोपिडोग्रेलऐवजी देता येणाऱ्या टिकाग्रेलर किंवा प्रासुग्रेल ह्या गोळ्या त्या जीनवर अवलंबून नाहीत. पण त्यांनी रक्तस्राव जास्त होऊ शकतो, टिकाग्रेलरने काहींना दम लागतो, दिवसातून दोनदा घ्यावी लागते, आणि पूर्वी पॅरालिसिसचा झटका येऊन गेला असेल तर प्रासुग्रेल नाहीच. वजन ६० किलोच्या आत असेल तर तिथेही जपून. म्हणून बाबांचं वजन आणि जुना इतिहास घेऊन कार्डिओलॉजिस्टकडे बसा, आणि तोवर क्लोपिडोग्रेल एक दिवससुद्धा चुकवू नका, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर परत अटॅक.

टेस्ट करायचं ठरलं तर फक्त ह्या एका जीनची मागा. पॅकेजमधलं टक्कल आरशात दिसतं आणि बाबांचा स्वभाव तुमच्या आईला विचारा, फुकट सांगतील. डाएटच्या सल्ल्यांनाही पुरावा फार पातळ आहे, आणि अशा पॅकेजमध्ये हार्टच्या रिस्कचे जे स्कोअर देतात ते मुख्यतः युरोपियन लोकांच्या डेटावर बसवलेले, आपल्याला जसेच्या तसे लागत नाहीत.

आणि हो, बाबांच्या दोन्ही कॉपी खराब निघाल्या तर त्यातली एक तुमच्याकडे आलेलीच आहे. घाबरू नका, त्यासाठी आज काहीच करायचं नाही, रिपोर्टची एक झेरॉक्स तेवढी स्वतःच्या फाइलला लावून ठेवा.