मुंबईत रोज ऑफिसला आणि सुट्टीत खडीच्या रस्त्याला: हिमालयन ४५०, केटीएम ३९० ॲडव्हेंचर, व्ही-स्ट्रॉम एसएक्स की एक्सपल्स २१०?

या चार मोटरसायकलींपैकी कुठली घ्यावी असं तुम्ही विचारलंय. तुमच्या प्रश्नातल्या तीनच गोष्टी मी धरतोय. उंची ५ फूट ६ इंच, रोज मुलुंड ते अंधेरी जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), आणि सुट्टीला जव्हार-भंडारदरा साइडला जायचं, तेही बहुतेक वेळा मिसेसना मागे बसवून. 'पॉवर कुठलीत जास्त' आणि '१४० ला कुठली स्टेबल' हे प्रश्न मी सरळ बाजूला ठेवतोय, कारण तुम्ही १४० मारणार कुठं? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर टू-व्हीलर बंद, समृद्धीवर बंद, अटल सेतूवर बंद, सी लिंक आणि कोस्टल रोडवरही बंद. सरकारनं बांधलेले सगळे गुळगुळीत रस्ते चारचाकीवाल्यांना आणि आपल्याला काय, तर नाशिक हायवे, जुना पुणे रोड आणि तो वर्षानुवर्षं रखडलेला मुंबई-गोवा. तिथं ट्रक, डायव्हर्जन, मधेच उलट्या दिशेनं येणारा रिक्षावाला असं सगळं धरून ९०-१०० ला निवांत चालणारी गाडी पुरते. आणि ९०-१०० ला तुम्ही लिहिलेल्या चारपैकी तीन गाड्या आरामात चालतात, एक्सपल्स तेवढी ९० नंतर थोडी ताणल्यासारखी वाटते.

मी स्वतः हिमालयन ४५० चालवतो, आधी जुनी हिमालयन ४११ होती. ग्रुपमधे बाकीच्या गाड्या आहेत आणि आम्ही एकमेकांच्या चालवत असतो, त्यामुळे हे ब्रोशर वाचून लिहिलेलं नाही.

आधी वजन. हिमालयन ४५० भरते १९६ किलो, केटीएम १८० ते १८५ च्या मधे, एक्सपल्स २१० साधारण १७० आणि व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७. हिमालयन आणि व्ही-स्ट्रॉममधला फरक २९ किलोचा आहे, म्हणजे घरातला भरलेला गॅस सिलिंडर. तो सिलिंडर तुम्ही रोज सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमधे दोन ॲक्टिव्हांच्या मधून मागे ओढून काढणार आहात, आणि जेव्हीएलआरला मेट्रोच्या बॅरिकेडमुळे जिथं दोनाची एक लेन होते तिथं पायानं ढकलत नेणार आहात. चालायला लागली की हिमालयनचं वजन जाणवत नाही हे शंभर टक्के खरंय, १५ च्या स्पीडलाच ती हलकी वाटायला लागते, पण आपल्या शहरात १५ च्या खालीच किती वेळ जातो ते तुम्हाला माहितीये.

सीट हाइटच्या आकड्यावर जाऊ नका. कागदावर हिमालयन ८२५ मिमी (सीट वर करून ८४५ पण करता येते) आणि व्ही-स्ट्रॉम ८३५, म्हणजे हिमालयन बुटकी. पण ५ फूट ६ इंचवाल्याला दोन्हीवर पायाचा चवडाच टेकतो, मग प्रश्न असा उरतो की चवड्यावर गाडी तिरकी झाली तर सावरेल का. १६७ किलोची सावरते. १९६ किलो, मागे बायको, दोन्ही बाजूला बॅगा आणि खाली उताराचा मुरूम असं असेल तर एका ठराविक कोनानंतर ती तुमची राहत नाही, जाऊ द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. कोकणात सागरी महामार्गानं गेलात तर हे नीट कळतं. आगरदांडा-दिघी किंवा दाभोळ-धोपावे जेटीला ओहोटी असली की फेरीबोटीचा रॅम्प खाली उतरलेला असतो, काँक्रीटवर हिरवं शेवाळ, मागून स्कॉर्पिओवाला हॉर्न मारतोय आणि बोटीवरचा माणूस 'या या या' करत हात हलवतोय, आणि तुम्हाला नेमकं रॅम्पच्या तोंडाशी थांबायला लागतं. अशा वेळी पुढचा ब्रेक दाबायचा नाही, मागच्या ब्रेकवर गाडी धरायची आणि डावा पाय टेकायचा. डावा पाय पुरला पाहिजे एवढंच. मिसेसना आधीच उतरवून चालत पाठवायचं, हा आमचा ठरलेला नियम आहे.

आता खडी. इथं खरा फरक पुढच्या चाकाचा आहे. हिमालयन आणि एक्सपल्सला पुढे २१ इंची, व्ही-स्ट्रॉमला १९. केटीएमचं २०२५ चं नवीन मॉडेल घेतलंत तर साध्या ३९० ॲडव्हेंचरला २१ इंची स्पोक आणि 'एक्स'ला १९ इंची अलॉय, शोरूममधे दोन्ही बाजूबाजूला उभ्या असतात आणि सेल्समन नीट सांगत नाही म्हणून लिहितोय. २१ इंची चाक खड्ड्यात पडण्याऐवजी वरून निघून जातं, सुट्या खडीत हँडल इकडेतिकडे झालं तरी सरळ चालत राहतं. १९ इंची खडीवर जरा चाचपडतं, पण डांबरी घाटात ते पटकन वळतं, माळशेजला वळणामागून वळण घेताना १९ ची मजा वेगळीच आहे. जव्हारहून दाभोसा धबधब्याकडे किंवा घाटघर-साम्रद साइडला जे मधले मधले कच्चे पट्टे लागतात ना, त्याला १९ इंची भरपूर झालं. आठ-दहा किलोमीटर सलग डबरावरनं उभं राहून गाडी मारायची असेल तरच २१ चे पैसे वसूल होतात, आणि मागे बायको बसलेली असताना तुम्ही उभं राहून मारणार नाही आहात.

एबीएसचं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टिमचं, मात्र बघून घ्या. खडीच्या उतारावर मागचं एबीएस चालू असलं की पायाखाली ब्रेक टकटक टकटक करत सुटत राहतो आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही, पहिल्यांदा होतं तेव्हा पोटात गोळा येतो. हिमालयन आणि केटीएमला मागचं बंद करता येतं, एक्सपल्सलाही मोड आहे. व्ही-स्ट्रॉमला ही सोय नाही, तिथं उतार सुरू व्हायच्या आधीच पहिल्या-दुसऱ्या गिअरला येऊन इंजिनवर उतरायचं. अवघड नाहीये पण सवय लागते.

इंजिनचं थोडक्यात सांगतो. पॉवर म्हणाल तर केटीएम ४६ पीएस, हिमालयन ४०, व्ही-स्ट्रॉम २६.५, एक्सपल्स २४.६. केटीएम चालवायला सगळ्यात भारी, त्यात वादच नाही, क्लच न दाबता गिअर बदलणारा क्विकशिफ्टर काय, स्पीड धरून ठेवणारा क्रूझ कंट्रोल काय, आणि साध्या ३९० ला सस्पेन्शन पण ॲडजस्ट होतं. पण तिला सतत पळायचं असतं, कमी आरपीएमला ती कुरकुरते आणि मे महिन्यात सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू झाला की मांड्या भाजतात. पंखा हिमालयनला पण आहे, तीसुद्धा ३००० च्या खाली थोडी सुस्त आहे, जुन्या ४११ सारखी डुगडुग करत कुठल्याही गिअरमधून उचलणारी नाही. व्ही-स्ट्रॉम ऑइल-कूल्ड, गरम कमी होते, स्मूथ आहे, ट्रॅफिकमधे कंटाळा आणत नाही. फक्त कसारा घाटात दोघं आणि सामान घेऊन कंटेनरला ओव्हरटेक करायचं तर एक गिअर खाली टाकल्याशिवाय निघत नाही, २२ एनएम टॉर्कमधून किती काढणार.

पंक्चर हा विषय लोक गाडी घेऊन झाल्यावर काढतात. एक्सपल्सला ट्यूब आहे. हिमालयनला सुरुवातीला ट्यूबच होती, आता ट्यूबलेस स्पोकचा ऑप्शन मिळतो. व्ही-स्ट्रॉमला अलॉय आणि ट्यूबलेस. ट्यूबलेस असली की तुम्ही स्वतः खिळा उपटून भोकात पंक्चरची रबरी स्ट्रिप खुपसता, छोट्या पंपानं हवा भरता आणि चहा व्हायच्या आत निघता. ट्यूब असली आणि मागचं चाक बसलं तर मोखाड्याच्या पुढे कुठंतरी पंक्चरवाला शोधा, त्याच्याकडे मोठ्या ॲक्सलचा पाना नसतो, सेंटर स्टँड तुम्ही बसवून घेतलेला नसतो, मग स्विंगआर्मखाली (मागचं चाक धरणारा दांडा) दगड रचून चाक काढायचं, लिव्हरनं टायर उचलताना नवीन ट्यूबच चिमटली की परत पहिल्यापासून. एक अख्खी दुपार जाते हो.

पैशाचं गणितही बदललंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि ३५० च्या वर थेट ४० टक्के, आधी सेस धरून ३१ होता. म्हणजे तुमच्या यादीतल्या व्ही-स्ट्रॉम आणि एक्सपल्स कमी टॅक्सच्या बाजूला आणि हिमालयन, केटीएम जास्तीच्या बाजूला. याच कारणानं टीव्हीएसची अपाचे आरटीएक्स ३०० पण बघून या, २९९ सीसी, ३६ पीएस, १९ इंची चाक, वजन १८० किलो, कागदावर तरी तुमच्या वापराला एकदम फिट बसते. ऑक्टोबर २०२५ ला आलेली गाडी आहे आणि नवीन मॉडेल पहिल्या लॉटमधे घ्यायचं नाही असा माझा हट्ट आहे, तुमचा नसेल तर राइड घ्या.

मग माझं मत. तुम्हाला व्ही-स्ट्रॉम एसएक्स. हिमालयनवाला असून हे सांगतोय, ग्रुपमधले शिव्या घालतील. माझा वापर वेगळा आहे, मी ऑफिसला लोकलनं जातो आणि गाडी फक्त फिरायला काढतो, तुम्हाला ती रोज जेव्हीएलआरला घालायचीये. मिसेस येत नसत्या आणि तुम्हाला एकट्याला चिखलमातीत घुसायचं असतं तर एक्सपल्स २१० घ्या म्हटलं असतं, खडीवर ती या सगळ्यांना पाणी पाजते, पण मागे बसणाऱ्याचे हाल आहेत. केटीएम घ्यायची तर मनाचं ऐकून घ्या, हिशोब मांडून ती कधीच बसत नाही.

'पण एकदा लडाख करायचंय' असं तुम्ही शेवटी लिहिलंय. भाऊ, आयुष्यात एकदाच्या लडाखसाठी रोजची गाडी ठरवू नका. लेहला भाड्यानं हिमालयन मिळते, आणि तिकडं भाड्याची गाडी लेहचीच लागते, मनालीहून भाड्यानं नेलेली तिथं आसपास फिरवू देत नाहीत. विमानानं जा, तिथं घ्या, चालवा, परत द्या.

टेस्ट राइडला शोरूमवाला समोरच्या रोडला एक चक्कर मारून आणायला सांगेल, त्यावर ठरवू नका. मिसेसना बरोबर न्या, मागे बसवा, रायडिंगचे बूट घालून जा, आणि जिथं पेव्हर ब्लॉक उचकटलेत अशी एखादी गल्ली बघून तिथं यू-टर्न मारून बघा. मागचा प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा ताण) दोघांच्या वजनाला सेट करून द्या म्हणावं, व्ही-स्ट्रॉमला सात स्टेप आहेत आणि डिलिव्हरीला बहुतेक जण तो आहे तसाच सोडून देतात. वाचलेल्या पैशातून आधी दोघांची चांगली जॅकेटं आणि गुडघ्याचे गार्ड घ्या, मग इंजिनखालची बॅश प्लेट. फॉग लाइट नंतर बघू.