जादा गादी

«भाच्याचं लग्न ठरलंय. परवा त्याने फोनवर एक लिंक पाठवली. उघडली तर काय, भेटवस्तूंची यादी! मिक्सर, इस्त्री, पडदे, आणि माणसं दोन असून एक जादा गादीसुद्धा. आमच्या वेळी येईल ते डोक्याला लावून घ्यायचो. लहानपणी दर सुट्टीत माझ्याकडे राहिलेला हा मुलगा आज मलाच ऑर्डर सोडतोय. मी भिंतीवरचं मोठं घड्याळ बघून ठेवलंय, तेच देणार. त्याला चार शब्द सुनवावेत का?»
– दुखावलेली आत्या

आत्याबाई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमचा राग वाचला, दुसऱ्यांदा त्या गादीपाशी अडखळले.

मिक्सर कळला, पडदे कळले. पण जादा गादी कुणासाठी असते हो? नव्या जोडप्याला ती सहसा सुचतच नाही. पहिला पाहुणा मुक्कामाला येतो, सतरंजीवर रात्र काढतो, सकाळी पाठ धरून उठतो, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडतो. तुमच्या भाच्याला लग्नाआधीच सुचली. दर सुट्टीत त्याच्यासाठी जादा गादी कोण घालत होतं? सुट्टीचं तुम्हीच लिहिलंय, तेही त्याला नावं ठेवता ठेवता.

राहता राहिलं ‘आमच्या वेळी’. ही यादीची भानगड कालपरवाची नाही. 1924 साली शिकागोतल्या मार्शल फील्ड नावाच्या दुकानाने ती सुरू केली. नवरीने आपली पसंती दुकानात नोंदवायची आणि आहेर करणाऱ्याने ती पाहून खरेदी करायची, म्हणजे एकाच घरात चार सारखे दिवे येऊन पडत नाहीत. तुमच्या आजीच्या वयाच्या बायकांनी असल्या याद्या केल्यात.

आणि डोक्याला लावून घेतलेल्यातलं वापरलं किती, हे बोलायचं का? माझ्या लग्नात तीन घड्याळं आली. एक भिंतीवर लागलं. एक मी गुपचूप दुसऱ्याच्या लग्नात खपवलं. तिसरं अजून माळ्यावर खोक्यात आहे, काटे दहा वाजून दहा मिनिटांवर. खोक्यावर देणाऱ्या बाईंचं नाव आहे, सुंदर अक्षरात. त्या भेटल्या की मी अजून विषय बदलते. तुम्हाला त्या बाई व्हायचंय का?

घड्याळ राहू द्या. ते चार शब्दही राहू द्या. गादी घ्या, आणि ती तुम्हीच घ्या. सोबतच्या चिठ्ठीत ‘नांदा सौख्यभरे’ बाकीचे सगळे लिहितीलच. तुम्ही एवढंच लिहा, ‘उशी मी येताना आणीन.’

फक्त वेळ लावू नका. या याद्यांचं असं असतं, की कुणी एखादी वस्तू घेतली की तिच्यापुढे तशी खूण पडते आणि बाकीच्यांना ती घेता येत नाही. भाच्याला मावशी आहे का? एखाददुसरी सुट्टी तिच्याकडेही काढली असेल, तर आज रात्रीच लिंक उघडा.