दुखणं थांबेपर्यंत थांबायचं का?

“मॅडम, दुखणं पूर्ण गेल्याशिवाय कामावर कशी जाऊ?” हा प्रश्न मी नेहमी ऐकते. सातारा भागातल्या एका पतसंस्थेच्या कॅशियर ताईंनीही तोच विचारला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वय ४३. कंबरदुखी दोन वर्षांची, रजा सात महिन्यांची. एमआरआयमध्ये ऑपरेशन करण्यासारखं काही निघालं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं होतं. “रिपोर्ट चांगला आहे, मग झोपून का असतेस?” असं घरात विचारलं जायचं. डॉक्टरांनी माझ्याकडे, म्हणजे मानसशास्त्रज्ञाकडे, पाठवल्यावर आपल्याला खोटं ठरवलं, असंच त्यांनी धरलं. म्हणून आधी सांगितलं, ताई, दुखणं खरं आहे. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेत मज्जासंस्था फार हळवी होते, साध्या हालचालीलाही ती धोका समजते. नैराश्य आणि मोडलेली झोप त्यात भर घालतात.

मग सरळ विचारलं, “जीव नकोसा होतो का?” त्या बराच वेळ रडल्या. “झोपेतच गेले तर सुटेन, असं वाटतं.” त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवली. ताईंना विचारूनच त्यांच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा नंबर दोघांच्या फोनमध्ये ठेवला. कामावर परतायचं बोलणं मी त्यानंतरच काढलं.

त्यांचा एक क्रम होता. जरा बरं वाटलं की घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढायच्या, मग तीन दिवस अंथरुणात. आम्ही घड्याळ लावलं. दुखणं वाढायच्या आत किती वेळ बसता येतं? तीन दिवसांची नोंद २५, १५ आणि २० मिनिटं. सरासरी २०, म्हणून सुरुवात त्याच्या थोडं आत, १६ मिनिटांपासून. चांगल्या दिवशीही सोळाव्या मिनिटाला उठायचं. हेच त्यांना सगळ्यात जड गेलं.

खरी भीती मात्र चौथ्या भेटीत बाहेर आली. खुर्चीची नव्हतीच ती. “रोकड जुळली नाही तर?” रजेआधीच्या महिन्यात त्या नोटा पुन्हापुन्हा मोजायच्या आणि तरी चुकायच्या. नैराश्यात एकाग्रता जाते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या स्वतःला नालायक समजून बसल्या होत्या. मला आजही वाटतं, हे आधी कळलं असतं तर रजा इतकी लांबली नसती.

मॅनेजरना द्यायचा अर्ज आम्ही मिळून लिहिला. “सहकार्य करावे” एवढ्यावर भागत नाही, नेमकं मागावं लागतं: सहा आठवडे अर्धा दिवस, कॅशऐवजी पासबुक नोंदी, दर अर्ध्या तासाला उठण्याची मुभा. तोवर बसणं अर्ध्या तासापर्यंत आलं होतं. नैराश्याचा उल्लेख करायचा की नाही हे त्यांनीच ठरवायचं होतं. त्यांनी फक्त कंबर लिहिली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो.

कामावर परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात कंबर पुन्हा धरली. “संपलं सगळं,” त्या फोनवर म्हणाल्या. पण अशा दिवसासाठीचा कागद आधीच कपाटाच्या दाराला चिकटवलेला होता: चालणं निम्मं करायचं, बंद नाही; गरम शेक; कामावर न जाण्याचा निर्णय सकाळी आठच्या आत घ्यायचा नाही. मी त्यांना तो वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचला. साडेआठला त्या बसस्टॉपवर होत्या.

पाच महिन्यांनी कॅश काउंटर परत मिळालं. कंबर अजून दुखते.