'हे कोणी केलं?' असं मुलीनं विचारलं तर

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. 'मुक्ता साळवे यांच्या निबंधातील सामाजिक न्यायाचा विचार स्वतःच्या शब्दांत लिहा' असा गृहपाठ होता. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध वाचताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "आई, हे सगळं कोणी केलं?" मला उत्तर सुचेना. उशीर झाला होता, म्हणून मीच दहा ओळी सांगितल्या, तिनं उतरवून घेतल्या. शेरा 'उत्तम' मिळाला, पण मला चैन नाही. किती मदत करावी? – एक आई

उत्तर : ताई, तुमच्या लेकीनं विचारलं तोच खरा गृहपाठ होता. तिथून पुढे लिहायला बसायचं होतं.

मी तीस वर्षं मराठी शिकवलं. सुरुवातीला मीही फळ्यावर तयार उत्तर लिहून द्यायचे. एकदा वह्या तपासायला घेतल्या, तर सगळ्या वर्गानं 'विदारक वास्तवाचे ज्वलंत चित्रण' हेच शब्द लिहिलेले. एका मुलीला विचारलं, विदारक म्हणजे काय गं? ती खाली बघत राहिली. तिला तो शब्द मीच दिला होता. त्या दिवसापासून विशेषणं द्यायची मी बंद केली.

मुक्ता फुल्यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली मुलगी. वय १४च्या आसपास, म्हणजे तुमच्या लेकीएवढीच. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. आधी हे मुलीला सांगा, कारण एका विद्यार्थिनीनंच हे लिहिलंय म्हटलं की वाचण्याची तऱ्हा बदलते.

मग एकच जागा निवडा. मी नेहमी बाळंतिणीची निवडते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पाऊस-वारा अंगावर घ्यावा लागतो, असं मुक्ता सांगते. आणि त्यांना किती दुःख होत असेल याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा, असं वाचणाऱ्याला म्हणते. इथे पुस्तक खाली ठेवायला सांगा आणि विचारा : हे ती कोणाला म्हणतेय? ज्यांच्या घराला छप्पर आहे त्यांनाच ना? दया करा असं कुठे म्हणतेय का? ती तर तुमचीच बाळंतपणं आठवा म्हणतेय. एवढं मुलीच्या ध्यानात आलं की चार ओळी ती आपोआप लिहील. त्या मोडक्यातोडक्या असल्या तरी हात लावू नका. शुद्धलेखन तेवढं बघा.

आता 'कोणी केलं?' उत्तर टाळू नका. मुक्ता स्वतः टाळत नाही. वेद फक्त आमचेच म्हणणाऱ्या ब्राह्मणांचं ती नाव घेते आणि देवालाच विचारते, मग आमचा धर्म कोणता? पेशवाईत मांग-महारांना इमारतींच्या पायात पुरत असत, हेही ती लिहून ठेवते. मुलीला सरळ सांगा : ज्यांच्या हातात सत्ता आणि पोथी होती त्यांनी केलं, आणि बाकीच्यांनी चालू दिलं. आपलं घराणं यात कुठे होतं असं ती विचारेल. माहीत असेल ते सांगा. आवाज कापला तरी चालेल. पण 'तो काळच तसा होता' म्हणून विषय मिटवू नका, कारण त्याच काळात मुक्ताही होती आणि तिला ते चालत नव्हतं.

प्रश्न : स्वमताच्या प्रश्नात गाईडपेक्षा वेगळं लिहिलं तर गुण कापतात का? – दहावीचा विद्यार्थी

उत्तर : बाळा, मत वेगळं आहे म्हणून मी कधी गुण कापले नाहीत. कापले ते आधार नसल्यामुळे. मत लिहिलंस की लगेच 'कारण' लिही आणि पाठातलीच एखादी ओळ किंवा प्रसंग त्यापुढे मांड. मुक्तानंही तेच केलंय : दुःखाबद्दल नुसतं बोलली नाही, छप्पर नसलेलं घर दाखवलं.